दोरी कुणाची?



आज हप्त्यांचं बोलायचं नाही, कर्जाचं नाही आणि लोणच्याच्या बरण्यांचंही नाही. आज आपल्याला समुद्राच्या तळाशी जायचंय. घाबरू नका, पाय ओले होणार नाहीत. आणि शेवटी आपण आपल्या गटाच्या रजिस्टरपाशीच परत येणार आहोत.

झालं असं, की गटाच्या एका बैठकीला एक ताई आपल्या दहावीतल्या लेकीला घेऊन आल्या होत्या. लेक कोपऱ्यात बसून विज्ञानाचं पुस्तक वाचत होती. मध्येच म्हणाली, "आई, स्पंज हा प्राणी असतो म्हणे." सगळ्याजणी हसल्या. एक आजी म्हणाल्या, "मग रोज सकाळी आम्ही काय प्राण्यानं भांडी घासतो?" हसून झालं, पण त्या मुलीला नीट उत्तर कुणालाच देता येईना. आम्हीही गप्प बसलो, कारण आमचं शिक्षण कला शाखेचं. मग पुस्तकं धुंडाळली, शाळेतल्या बाईंना विचारलं, आणि त्यात एक अशी गोष्ट हाती लागली की ती तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना.

आधी आजींचा प्रश्न मिटवू. आपल्या घरात 'स्पंज' म्हणून दोन वस्तू असतात. भांडी घासायचा असतो तो प्लास्टिकचा, कारखान्यात केलेला. अंग घासायची जाळी असते ती घोसाळ्याची, म्हणजे वेलीच्या वाळलेल्या फळाची. या दोन्ही वस्तू म्हणजे खरा स्पंज नव्हे. खरा स्पंज समुद्रात असतो. तो काढून, कुजवून, धुऊन वाळवला की त्याचा मऊ सांगाडा उरतो. युरोपातले लोक तो फार पूर्वीपासून आंघोळीला वापरत. आपल्या प्लास्टिकच्या तुकड्याला नाव मिळालं ते त्याच्यावरून.

मग तो प्राणी कसा? त्याला डोकं नाही, डोळे नाहीत, तोंड नाही, पोट नाही, काळीजही नाही. एका जागी चिकटला की चिकटला. म्हणून लोक कित्येक शतकं त्याला वनस्पतीच समजत. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये रॉबर्ट ग्रँट नावाच्या शास्त्रज्ञानं जिवंत स्पंजाचा तुकडा समुद्राच्या पाण्यात ठेवला आणि भिंगाखाली पाहत बसला. त्याला दिसलं, की मोठ्या भोकातून पाणी कारंज्यासारखं बाहेर येतंय आणि पाण्याबरोबर बारीक कणही येतायत. पाणी आत जात होतं ते अंगावरच्या असंख्य बारीक छिद्रांतून. म्हणजे हा जीव गप्प बसलेला नव्हता. दिवसरात्र पाणी ओढत होता, त्यातलं खाणं काढून घेत होता आणि उरलेलं बाहेर टाकत होता. झाडासारखं उन्हात स्वतःचं अन्न करणं त्याला येत नाही. ग्रँटनं या जिवांना नाव दिलं पोरिफेरा, म्हणजे छिद्रं बाळगणारे. मुलांच्या पुस्तकात त्यांनाच रंध्रीय प्राणी म्हणतात.

आता त्याच्या अंगात डोकावू. समजा, तुम्ही पाण्याचा एक थेंब आहात. बाहेरच्या बारीक छिद्रातून आत शिरलात. पुढे बोळ आहेत, बोळातून छोट्या छोट्या खोल्यांत गेलात. खोलीच्या भिंतीला कॉलर पेशी असतात. प्रत्येकीला एक चाबकासारखा धागा आणि धाग्याभोवती बारीक गाळणीची कॉलर. धागा हलतो, पाणी पुढे सरकतं आणि पाण्यातले जिवाणू गाळणीत अडकतात. तेच त्याचं जेवण. मग तुम्ही मधल्या मोठ्या पोकळीत येता आणि वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडता. म्हणजे स्पंज ही एक जिवंत चाळणीच. फरक इतकाच, की आपली चाळणी आपण हलवतो आणि ही स्वतःच पाणी ओढते.

पण ही चाळणी उभी कशी राहते? हाडं तर नाहीत. त्यासाठी स्पंज अंगात बारीक काड्या तयार करतो. त्यांना कंटिका म्हणतात. काही स्पंज त्या चुन्याच्या करतात. काही काचेच्या करतात, म्हणजे वाळूत असतं ते सिलिका वापरून. काहींच्या अंगात नुसते मऊ धागे असतात. आंघोळीचा स्पंज त्यातला, म्हणून अंगाला टोचत नाही.

आजची गोष्ट आहे काचेच्या स्पंजाची. त्याचं नाव हायलोनेमा. ग्रीक भाषेत हायलोस म्हणजे काच आणि नेमा म्हणजे धागा. आपण त्याला काचदोरीचा स्पंज म्हणू. तो राहतो खोल समुद्रात, जिथे सूर्याचा किरण पोचत नाही, त्यामुळे आपल्यासारख्यांना तो बघायला मिळणं फारच दुर्मिळ.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. दोनशे-तीनशे लांब काचेचे धागे, प्रत्येक हात-दीड हाताचा, मधोमध विणायच्या सुईएवढा जाड आणि टोकांकडे निमुळता. ते सगळे एकत्र पीळ घालून वळलेले, अगदी आपण दोर वळतो तसे. रेशमासारखी चमक. एका टोकाला पीळ सुटलेला, केरसुणीसारखा. दुसऱ्या टोकाला भोकं असलेला एक मऊ गोळा. आणि दोरीच्या मधल्या भागावर चिकटलेलं तपकिरी कातड्यासारखं आवरण, ज्यातून इवल्या इवल्या फुलांसारखे जीव डोकावतायत.

हा ऐवज जपानहून युरोपात पोचला. सिबोल्ड नावाचे एक जर्मन डॉक्टर १८२३ ते १८२९ या काळात नागासाकीला होते, त्यांनी तो आणला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३० नंतरच्या काही वर्षांत त्याला हायलोनेमा सिबोल्डी हे नाव दिलं. आणि मग वाद सुरू झाला. ही दोरी वळली कुणी?

कारण त्या एका ऐवजात तीन गोष्टी होत्या. दोरी, गोळा आणि दोरीवरचे फुलांसारखे जीव. ग्रे म्हणाले, दोरी त्या फुलांसारख्या जिवांची. ते पोवळ्याचे भाऊबंद, पोवळी सांगाडा करतात, तसा यांनी हा केला. आणि खालचा स्पंज? तो नुसता शेजारी, बुडाला येऊन चिकटलेला. जर्मनीतले एरेनबर्ग म्हणून दुसरे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांना वाटलं, ही सगळी जपानी कारागिरांची करामत, माणसानं जोडून केलेली वस्तू. तेही अगदीच उगाच नव्हतं, कारण जपानात या काचदोऱ्या शोभेची वस्तू म्हणून खरोखरच विकल्या जात.

ग्रे काही अडाणी नव्हते. त्यांनी जे दिसलं त्यावरून अंदाज बांधला. ते जीव दोरीवर सालीसारखे बसले होते, म्हणून दोरी त्यांचीच वाटली. स्पंज गोळा होऊन एका टोकाला होता. अंगणात जो उभा दिसतो, त्याचंच घर वाटतं, तसं.

मग १८६० साली मॅक्स शुल्त्झे नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शक घेतला आणि दोरीच्या आत पाहिलं. त्याला दिसलं, की लांब धाग्यांच्या मधोमध एक बारीक पोकळ नळी आहे. स्पंजाच्या गोळ्यातल्या बारीक काड्यांतही अगदी तशीच नळी आहे. लांब धागा आणि बारीक काडी या एकाच घराण्यातल्या निघाल्या. शिवाय पोवळ्याची मंडळी सांगाडा करतात तो चुन्याचा नाहीतर शिंगासारख्या पदार्थाचा, काच ती करत नाहीत. हा फरक स्वयंपाकघरातही कळतो. अंड्याच्या कवचावर व्हिनेगर टाका, बुडबुडे येतात, कारण ते चुनखडीचं. बांगडीच्या तुकड्यावर टाका, काही होत नाही. दोरी काचेची होती. म्हणजे दोरी स्पंजाची! ते फुलांसारखे जीवच येऊन राहिलेले, भाडेकरू म्हणा ना.

ग्रे यांना हे लगेच पटलं नाही, वाद पुढे काही वर्षं चालला. मग १८६४ साली पोर्तुगालमधल्या बोकाज यांनी त्यांच्याच किनाऱ्यासमोर सापडलेला हायलोनेमा जगापुढे मांडला. तिथले कोळी खोल पाण्यात शार्क धरायला लांब दोर सोडत, त्यांच्या गळाला तो लागत असे. म्हणजे जपानी कारागिराचा प्रश्नच मिटला. पुढे खोल समुद्रातून आणखी नमुने आले, तेव्हा आणखी एक चूक उमगली. इतकी वर्षं चित्रांत हा स्पंज उलटा दाखवत होते, दोरी वर आणि गोळा खाली! खरं तर केरसुणीसारखं टोक चिखलात रुतलेलं असतं आणि गोळा वर पाण्यात डोलतो. दोरी म्हणजे त्याचा पाय. छिद्रं चिखलानं बुजू नयेत म्हणून हा जीव स्वतःला काचेच्या पायावर उचलून धरतो.

तुम्ही म्हणाल, काचेचा पाय मोडत नाही का? या काचेची करणीच वेगळी. स्पंज मधल्या बारीक धाग्याभोवती काचेचा थरावर थर चढवतो आणि थरांमध्ये जिवंत अंगातल्या चिवट पदार्थाचा पातळ लेप असतो. म्हणून ती बांगडीसारखी फटकन तुटत नाही, वाकते. आणि आपण काच करतो ती भट्टीत. हा करतो समुद्राच्या गार पाण्यात, पाण्यात विरघळलेलं सिलिका घेऊन.

आता या जिवाचा पक्का पत्ता लिहू. माणसाचा पत्ता लिहिताना आपण जिल्हा, तालुका, गाव, आळी, घर असं लिहितो. शास्त्रज्ञ प्राण्याचा पत्ता तसाच लिहितात. त्याला वर्गीकरण म्हणतात.

सगळ्यात मोठा भाग म्हणजे संघ. हा रंध्रीय प्राण्यांचा, त्यात नऊ हजारांहून जास्त जाती. त्यांचे आज चार वर्ग मानतात. आपला स्पंज ज्या वर्गात बसतो त्याचं नाव हेक्झॅक्टिनेलिडा. नाव अवघड आहे, पण अर्थ घरात करून बघता येतो. एक बटाटा घ्या. त्यात केरसुणीची एक काडी वरून खाली आरपार घाला, दुसरी डावीकडून उजवीकडे, तिसरी पुढून मागे. किती टोकं बाहेर आली? सहा. या वर्गातल्या स्पंजांच्या कंटिका मुळात अशा सहा टोकांच्या असतात. नावाचा अर्थही तोच, सहा किरणांचे.

या वर्गाची आणखी एक खूण. आपल्या अंगात पेशी वेगवेगळ्या असतात, वाड्यातल्या बंद खोल्यांसारख्या. काचस्पंजाच्या अंगात बहुतेक पेशींमधल्या भिंतीच नसतात. सगळा एकच सलग जिवंत पडदा, कोळ्याच्या जाळ्यासारखा पसरलेला. त्यामुळे यांच्याकडे मज्जातंतू नसूनही निरोप पोचतो. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका काचस्पंजाचा अभ्यास झाला. त्याला एका जागी धक्का लागला, की विजेसारखा संदेश अंगभर जातो आणि पाणी ओढणं थांबतं. गढूळ पाणी आलं तरी तो थांबतो.

वर्गाच्या आत उपवर्ग. इथे कामाला येते अगदी बारीक, डोळ्यांना न दिसणारी एक कंटिका. एक दांडी, आणि दोन्ही टोकांना उघडलेली छत्री. तिला ॲम्फिडिस्क म्हणतात. ही दोन तोंडांची छत्री ज्यांच्याकडे, त्यांचा उपवर्ग ॲम्फिडिस्कोफोरा. त्याच्या आत कुल हायलोनेमॅटिडी, त्याच्या आत प्रजाती हायलोनेमा, आणि तिच्यात शंभराहून जास्त जाती. एका जातीतून दुसरी ओळखायची तर या छत्र्यांची मापं काढावी लागतात. बाहेरून दोघी सारख्या दिसतील, आत छत्री निराळी. म्हणजे पत्त्याची शेवटची ओळ आत बघितल्याशिवाय लिहिताच येत नाही.

मैत्रिणींनो, हे वाचताना आम्हाला आमचीच एक चूक आठवली, आणि ती सांगायला हवी.

आम्ही एकदा घरोघर जाऊन माहितीचे फॉर्म भरत होतो. कुणाच्या घरात काय धंदा, कोण काय काम करतं. एका घरापाशी गेलो. दारात दादा उभे होते. विचारलं, धंदा काय? म्हणाले, "दोर विकतो बाजारात." आम्ही त्यांच्या नावापुढे लिहिलं, दोरखंडाचा व्यवसाय. बाईच्या नावापुढे काही न विचारता लिहिलं, घरकाम. आणि पुढे निघालो. नंतर कारागिरांच्या प्रशिक्षणाची यादी निघाली. तिच्यात त्या बाईचं नाव नव्हतं. ती बैठकीत उठून म्हणाली, "ताई, घायपात कापून आणते मी, भिजत घालते मी, बडवून वाख काढते मी, पीळ घालते मी. बाजारात उभा राहतो त्याची दोरी, का वळते तिची?"

आम्ही तिच्या मागच्या अंगणात गेलोच नव्हतो. दारात जे दिसलं, ते लिहून मोकळे झालो. तिचा फॉर्म दुरुस्त केला, पण त्या खेपेची यादी गेली ती गेलीच. ग्रे साहेबांच्या चुकीला हसायला आम्हाला तोंड नाही.

आता कुणी म्हणेल, बाईचं समजलं, पण चिखलातल्या स्पंजाची नोंद चुकली तर कुणाचं काय जातं? ऐका.

खोल समुद्राचा तळ म्हणजे मैलोन् मैल मऊ चिखल. तिथे बसायला घट्ट जागा मिळत नाही. हायलोनेमाचा काचेचा पाय हीच जागा. अमेरिकेत कॅलिफोर्नियासमोर चार किलोमीटर खोल तळावरचे असे पाय तपासले गेले. चार किलोमीटर म्हणजे आपली दोन कळसूबाई एकावर एक ठेवून वर जवळजवळ अर्धी आणखी. तिथे त्या थोड्याशा पायांवर शंभराहून जास्त प्रकारचे जीव राहत होते. स्पंज मेला तरी पाय काही काळ उभा राहतो आणि त्यावरची वस्ती चालू राहते. एका काचदोरीवर एवढी आळी वसते. दोरी पोवळ्याची म्हणून लिहिली असती, तर स्पंज गेल्यावर ही आळी का उठली हे कधी कळलंच नसतं.

हे लांबच्या देशातलं झालं असंही नाही. मुंबईच्या गोदीत १८८१ साली 'इन्व्हेस्टिगेटर' नावाचं सर्वेक्षणाचं जहाज बांधलं गेलं. त्यानं बंगालचा उपसागर, अंदमानचा समुद्र, अरबी समुद्र इथल्या तळावरून जीव वर काढले. त्यांतले काचस्पंज बर्लिनच्या फ्रान्झ शुल्झे या प्राध्यापकांकडे गेले. नाव आधीच्या शुल्त्झेंसारखं वाटलं तरी माणूस दुसरा. त्यांनी हायलोनेमाच्या घराण्यावर १८९४ साली लिहिलं, आणि १९०२ साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमनं हिंदी समुद्रातल्या या स्पंजांचं पुस्तक काढलं. म्हणजे आपल्या समुद्रातल्या काचदोऱ्यांची नोंद सव्वाशे वर्षांपूर्वीच सुरू झाली.

आणि आज ती नोंद कामाची आहे. मध्य हिंदी महासागराच्या तळावर बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेत. त्यांत मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. मोबाईलच्या आणि गाड्यांच्या बॅटऱ्यांना यांतले काही धातू लागतात. आपल्या देशानं २००२ साली आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार केलाय. त्यानुसार ७५ हजार चौरस किलोमीटर तळावर या गोळ्यांचा शोध घेण्याचा हक्क आपल्याकडे आहे. उद्या ते उचलायला यंत्र उतरलं, तर चिखल उडणार. चिखल उडाला, तर पाणी गाळून जगणाऱ्यांची छिद्रं बुजण्याची भीती. म्हणून अशा करारात तळावर आधी काय आहे याचा अभ्यास करणंही बांधील असतं.

गोळे काढावेत की नाहीत, याचा निकाल आपण इथे बसून देऊ शकत नाही. धातू आपल्यालाही लागतात, आपल्या पिशवीतही मोबाईल आहे. पण एवढं आपल्याला अनुभवानं नक्की माहीत आहे, की जमीन संपादनाची यादी असो, नुकसानभरपाईची असो की प्रशिक्षणाची, ज्याचं नाव कागदावर नाही त्याचं काय गेलं हे कुणी विचारत नाही. समुद्राच्या तळाशी तेच आहे. कुणीतरी डोळे फोडून छत्र्यांची मापं काढतं, नाव लिहितं, म्हणून तो जीव मोजला जातो. आम्हाला आधी वाटायचं, असल्या कामाचा काय उपयोग? आता तसं वाटत नाही.

त्या दहावीतल्या लेकीला आम्ही उत्तर दिलं. स्पंज प्राणीच आहे बाई, आणि त्यातला एक तर दोर वळतो. तिनं लगेच बटाट्यात काड्या खुपसून सहा टोकं मोजली. तिच्या आईला त्या बटाट्याची भाजी करायची होती, ते राहिलंच.

आता एक काम. या महिन्याच्या बैठकीत गटाचं रजिस्टर उघडा. प्रत्येकीच्या नावापुढे काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा. 'घरकाम' असं लिहिलेलं दिसलं, की थांबा आणि तिला विचारा, दिवसभरात तू काय काय करतेस? शेण कोण काढतं, बियाणं कोण निवडतं, शिवण कोण घालतं, दोर कोण वळतं? तिच्या मागच्या अंगणात जाऊन या. आणि मग खोडून, बरोबर लिहा.